संध्याकाळची खासगी शहरदर्शन टूर: सूर्यास्तापासून मागे मोजत आखणी

संध्याकाळच्या खासगी टूरची चौकशी करताना बहुतेक जण आधी विचारतात, "काय काय दाखवणार?" त्याआधी एक गोष्ट स्वतः शोधून काढा: त्या शहरात, त्या तारखेला सूर्य किती वाजता मावळतो. बाकी सगळी आखणी, म्हणजे निघायची वेळ, ठिकाणांचा क्रम, जेवण, परतीचा प्रवास, या एका आकड्यावरून ठरते. हा आकडा हाताशी नसेल तर टूर कंपनी आपलं ठरलेलं वेळापत्रक देते. ते वर्षभर एकच असेल, तर वर्षातले काही महिने ते चुकलेलंच असणार.

लंडनचं उदाहरण घ्या. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे सूर्यास्त होतो रात्री ९:२० च्या सुमारास. डिसेंबरच्या त्याच आठवड्यात दुपारी ३:५० ला. संध्याकाळी सहा ते नऊ अशी "रोषणाई टूर" जूनमध्ये घेतलीत तर एकही दिवा लागलेला न पाहता हॉटेलवर परताल. तीच टूर डिसेंबरमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत काळोखात होईल आणि इमारतींवरचं कोरीवकाम दिसणार नाही. सिडनीत गणित उलटं: डिसेंबरमध्ये सूर्य रात्री आठनंतर मावळतो आणि जूनमध्ये पाच वाजायच्या आत. सिंगापुरात मात्र वर्षभर सातच्या आसपासच. विषुववृत्ताजवळच्या शहरांत ठरलेलं वेळापत्रक चालून जातं. तिथून जितकं दूर जाल तितकं ते तारखेप्रमाणे बदलून घ्यावं लागतं.

उन्हाळी वेळेचाही विचार करा. युरोपात मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासाभराने बदलतं; अमेरिकेच्या बहुतेक भागात मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. या रविवारांच्या आगेमागे प्रवास असेल तर सूर्यास्ताची वेळ नेमक्या तारखेचीच पाहा. आठवडाभर आधीची पाहून चालणार नाही.

दिवेलागणीची मोजकी मिनिटं

सूर्य मावळला की लगेच अंधार पडत नाही. तो क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतच्या काळाला नागरी संधिप्रकाश म्हणतात. या वेळात दिव्यांशिवायही रस्ता दिसतो. त्यानंतर १२ अंशांपर्यंत आकाश गडद होत जातं आणि १८ अंशांनंतर खगोलशास्त्राच्या हिशेबाने पूर्ण रात्र होते. शहर पाहणाऱ्याच्या कामाचा भाग फार छोटा आहे: सूर्य साधारण ४ ते ६ अंश खाली असतानाचा. तेव्हा आकाशाचा उजेड आणि इमारतींवरचे दिवे जवळपास सारख्या तेजाचे असतात. आकाश गर्द निळं, दगड सोनेरी, इमारतीची कड स्वच्छ आणि खाली पाण्यात दोन्ही रंग. छायाचित्रकार याला ब्ल्यू अवर म्हणतात, पण नावातला तास बहुतेक ठिकाणी मिळत नाही.

तो किती वेळ टिकतो हे अक्षांशावर अवलंबून असतं, कारण विषुववृत्तावर सूर्य जवळपास सरळ खाली उतरतो आणि उत्तरेला किंवा दक्षिणेला तो तिरका घसरत जातो. विषुववृत्ताजवळ सूर्यास्तानंतर सुमारे १२ ते २२ मिनिटांत हा सगळा खेळ संपतो. लंडनच्या अक्षांशावर मार्च किंवा सप्टेंबरमध्ये तो सूर्यास्तानंतर २० ते ३३ मिनिटांच्या दरम्यान येतो, आणि जूनमध्ये साधारण २८ ते ४७ मिनिटांच्या दरम्यान. (जूनमध्ये लंडनला पूर्ण रात्र होतच नाही, आकाशात मध्यरात्रीही किंचित उजेड राहतो.) त्यानंतर आकाश काळं पडतं, इमारतीच्या वरच्या कडा त्यात विरघळतात आणि उरतो तो अंधारातला एक पिवळा ठिपका. तोही सुंदर असतो, पण तो रात्री दहालाही तसाच मिळतो. मधली वेळ मात्र संध्याकाळी एकदाच येते.

म्हणून आखणीचा मुख्य नियम असा: सूर्यास्त जिथून पाहायचा ती जागा आणि दिवे लागल्यावरचं मुख्य दृश्य जिथून पाहायचं ती जागा, या दोन्हींमध्ये दहा मिनिटांच्या चालण्यापेक्षा जास्त अंतर नको. दोन्ही एकच जागा असेल तर उत्तम. टूर फसते ती सर्वात जास्त इथेच. सूर्यास्त एका टेकडीवर, मुख्य चौक नदीपलीकडे, आणि ती मोलाची वीस मिनिटं पुलावरच्या गर्दीत, गाडीच्या काचेआड निघून जातात.

इमारतीचं तोंड कुठल्या दिशेला आहे हेही विचारा. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दर्शनी भागावर शेवटच्या तासात ऊन पडतं. कमानी, मूर्ती, खिडक्यांच्या महिरपी त्या तिरप्या उन्हात उठून दिसतात. पूर्वेकडे तोंड असेल तर तो भाग दुपारपासून सावलीत असतो, त्यामुळे तिथे दिवे लागल्यावरच जावं. मावळतीची दिशाही ऋतूप्रमाणे सरकते: उत्तर गोलार्धात विषुववृत्तापासून दूरच्या शहरांत ती जूनमध्ये वायव्येला आणि डिसेंबरमध्ये नैऋत्येला असते. एखाद्या पुलावरून "नदीत बुडणारा सूर्य" दिसतो असं सांगितलं, तर कुठल्या महिन्यात, हे विचारून घ्या.

तारीख मोकळी असेल तर चंद्राकडे पाहा. पौर्णिमेच्या दिवशी चंद्र साधारण सूर्यास्तालाच उगवतो आणि पुढे रोज सरासरी ५० मिनिटांनी उशिरा. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो सूर्यास्ताआधी वर आलेला असतो, म्हणजे दिवे लागत असताना पूर्वेच्या इमारतींवर टेकलेला. उंच जागेवरून पाहण्यासाठी हाच दिवस जास्त सोयीचा.

कच्चं वेळापत्रक

सूर्यास्त ७:०० ला आहे असं धरू. तुमच्या तारखेची वेळ घालून सगळे आकडे पुढेमागे सरकवा.

४:४५ – गाइडची भेट.
५:०० ते ६:१५ – जुन्या वस्तीत पायी, दीड ते दोन किलोमीटर. आतून पाहायचं एखादं ठिकाण असेल तर ते याच वेळात.
६:१५ ते ६:४० – गाडीने उंच जागेकडे किंवा पाण्याकाठी.
६:४० ते ७:१० – सूर्यास्त.
७:१० ते ७:२० – पायी मुख्य दृश्याच्या जागी.
७:२० ते ७:४० – दिवे. या वीस मिनिटांत गाइडने कमी बोलावं.
७:४५ ते ८:२५ – बसणं, खाणं, स्वच्छतागृह.
८:३० ते ९:१५ – गाडीतून बाकीचं शहर. एक-दोन ठिकाणी उतरून.
९:३० पर्यंत – हॉटेलच्या दारात.

या क्रमामागे रहदारीचं गणित आहे. मोठ्या शहरात कचेऱ्या सुटण्याची वेळ साधारण पाच ते साडेसात. या वेळात गाडी तासाला किती अंतर कापेल याचा भरवसा नसतो, म्हणून तेव्हा शक्यतो पायी फिरायचं आणि उंच जागेकडची एक छोटी फेरी सोडली तर गाडी रात्री साडेआठनंतर वापरायची. बऱ्याच टूरमध्ये नेमकं उलटं करतात: आधी गाडीतून "शहराचा फेरफटका" आणि नंतर चालणं. त्यामुळे पहिला तास सिग्नलवर जातो आणि पाय थकलेले असताना चालावं लागतं.

किती ठिकाणं बसतील? गाडीतून उतरणं, रस्ता ओलांडणं, परत सगळे गाडीत बसणं, यातच प्रत्येक थांब्याला दहा मिनिटं जातात. गाडी उभी करायला जागा नसेल तर आणखी जास्त. चार-साडेचार तासांत उतरून पाहण्याची पाच ठिकाणं भरपूर झाली. "साडेतीन तासांत १५ ठिकाणं" असं लिहिलेलं दिसलं, तर त्यातली दहा-बारा चालत्या गाडीतून बोट दाखवून होणार आहेत हे समजून चाला. पायी टूरमध्ये थांबे धरून वेग ताशी दोन किलोमीटरच्या आसपास राहतो. तीन तासांच्या टूरसाठी पाच-सहा किलोमीटर ही वरची मर्यादा; मुलं किंवा ज्येष्ठ बरोबर असतील तर तीन.

"खासगी" म्हणजे नक्की काय

हा शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. एक, गाइड आणि गाडी दोन्ही फक्त तुमच्यासाठी, आणि गाडीला वेगळा चालक. दोन, चालक हाच गाइड. तीन, गाइड फक्त तुमचा, पण प्रवास पायी किंवा बस-मेट्रोने.

दुसऱ्या प्रकाराचा खर्च कमी असतो आणि रात्रीच्या रोषणाईसाठी तो बरा पडतो. पण गर्दीच्या भागात चालकाला गाडी सोडता येत नाही. तो तुम्हाला कोपऱ्यावर उतरवतो, "वीस मिनिटांत या" म्हणतो आणि मुख्य ठिकाणी तुम्ही गाइडविना उभे राहता. टूरचा गाभा पायी पाहण्यात असेल तर पहिला किंवा तिसरा प्रकार घ्या. ज्या शहरात मेट्रो चांगली आहे आणि जुना भाग एकत्र आहे, तिथे तिसरा प्रकार अनेकदा सर्वात सरस ठरतो, कारण त्यात पार्किंगची अडचण नसते.

सहापेक्षा जास्त माणसं असतील तर मोठी व्हॅन येते. ती अरुंद गल्ल्यांत जात नाही, आणि काही शहरांच्या जुन्या भागात अशा गाड्यांना बंदीही असते. थांबे कुठले आणि तिथून किती चालायचं, हे मीटरमध्ये विचारा. "जवळच आहे" हे उत्तर स्वीकारू नका.

गाइडचा परवाना हा केवळ कागद नव्हे. न्यूयॉर्कमध्ये पर्यटकांना पैसे घेऊन शहर दाखवण्यासाठी महापालिकेचा परवाना लागतो. लंडनचे ब्ल्यू बॅज गाइड दीर्घ प्रशिक्षण आणि परीक्षा देऊन आलेले असतात, आणि वेस्टमिन्स्टर ॲबीसारख्या ठिकाणी आत नेऊन माहिती देण्याची मुभा त्यांना असते. फ्रान्समधल्या संग्रहालयांत आणि ऐतिहासिक वास्तूंत गट नेणाऱ्या गाइडकडे सरकारी व्यावसायिक ओळखपत्र लागतं. परवाना नसलेला माणूस बाहेरच्या चौकात छान बोलेल, पण दारापाशी थांबेल. टूरमध्ये आतून पाहायचं ठिकाण असेल तर परवान्याबद्दल आधीच विचारा, आणि प्रत्यक्ष येणारी व्यक्ती कोण हेही. टूर विकणारा एक, येणारा दुसरा, असं सर्रास होतं.

बुकिंगचा निरोप कसा लिहावा

फोनवर बोललेलं विसरलं जातं, लेखी पाठवा. निरोपात माणसांची संख्या, वयं, चालण्याची क्षमता, भाषा, आधी पाहून झालेली ठिकाणं आणि एक पक्की अट एवढं असलं की पुरे. असा:

"आम्ही पाच जण आहोत: चार मोठे, एक आठ वर्षांचं मूल. एका ज्येष्ठ व्यक्तीला जिने जड जातात. त्या सलग २० मिनिटं चालू शकतात. त्या दिवशी सूर्यास्त ७:०० ला आहे. ६:४० पर्यंत आम्हाला उंच जागी किंवा पाण्याकाठी पोचायचं आहे आणि ७:१० ते ७:४५ या वेळात गाडीत बसायचं नाही. मोठं संग्रहालय आणि किल्ला आमचा दिवसा पाहून होणार आहे, ते वगळा. या अटींत बसणारा मार्ग वेळेसह लिहून पाठवाल का? पाऊस असेल तर काय बदल कराल तेही कळवा."

उत्तर आलं की त्यावरून गाइडची पारख होते. जाणकार माणूस वेळ घालून मार्ग देतो, एखादं ठिकाण "त्या वेळी नको" असं सुचवतो आणि कारण सांगतो. ज्याला शहर माहीत नाही तो छापील यादी परत पाठवतो.

पैसे भरण्याआधी या गोष्टी लेखी घ्या: प्रवेश तिकिटं, पार्किंग आणि टोल धरलेले आहेत का; ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर जादा आकार तासाने की अर्ध्या तासाने; रात्री उशिरा संपल्यास गाइडच्या परतीचा खर्च कोणाचा; रद्द केल्यास किती तास आधीपर्यंत पूर्ण पैसे परत; बक्षिशी अपेक्षित आहे का. "हवामानामुळे रद्द" म्हणजे नेमकं काय, हेही विचारा. साधा पाऊस बहुतेक कंपन्या त्यात धरत नाहीत.

मार्गात दुकानांचे थांबे आहेत का, हेही स्पष्ट विचारा आणि नको असतील तर तसं लिहा. संध्याकाळी पाऊण तास दुकानात गेला की तो परत मिळत नाही, आणि तो नेमका उजेडाच्या वेळातून जातो.

काय किती वाजता बंद होतं

संग्रहालयं बहुतेक पाच-सहाला बंद होतात, पण अनेक ठिकाणी आठवड्यातून एक-दोन दिवस उशिरापर्यंत उघडी असतात. पॅरिसचं लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं आणि मंगळवारी बंद. असा दिवस पकडला तर दिवसाची गर्दी टळते. बंद होण्याची वेळ आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ यांत अर्धा ते एक तासाचं अंतर असतं. आखणीत शेवटच्या प्रवेशाचीच वेळ धरा.

उंच मनोऱ्यांवरच्या प्रेक्षागॅलऱ्यांची तिकिटं वेळेच्या खिडकीप्रमाणे, म्हणजे प्रवेशाच्या ठरावीक वेळेप्रमाणे, मिळतात. सूर्यास्ताची खिडकी सर्वात आधी संपते. ती गाइड ठरवण्याआधी घेतली तरी हरकत नाही. प्रवेशाची वेळ सूर्यास्ताच्या तासभर आधीची घ्या, कारण सुरक्षा तपासणी आणि लिफ्टची रांग यातच अर्धा तास जाऊ शकतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: ज्या मनोऱ्यावर चढता तो स्वतः त्या दृश्यात नसतो. न्यूयॉर्कमध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंग आकाशरेषेत पाहायची असेल तर रॉकफेलर सेंटरच्या गच्चीवरून पाहावी लागते. पॅरिसमध्ये आयफेल टॉवर समोरच्या त्रोकादेरोच्या उंचवट्यावरून पूर्ण दिसतो.

ठरलेल्या वेळेचे प्रकाशखेळ असतील तर वेळापत्रक त्यांच्याभोवती विणा. आयफेल टॉवरवरचे २०,००० दिवे अंधार पडल्यावर प्रत्येक तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं लुकलुकतात. तिथे आठ वाजून सहा मिनिटांनी पोचलात तर ५४ मिनिटं थांबावं लागेल. आणि रोषणाई बंद कधी होते हे विचारायला विसरू नका. अनेक शहरांत ती मध्यरात्रीआधीच विझते. २०२२ साली ऊर्जाटंचाईच्या काळात बर्लिनने सुमारे २०० इमारती आणि स्मारकांवरचे दिवे लावणंच बंद केलं होतं. जुनी छायाचित्रं पाहून गेलेल्यांना तिथे काळोख दिसला असता. दुरुस्तीसाठी परांची बांधलेली असेल तरी तेच. गाइडला आठवडाभर आधी एकच प्रश्न पाठवा: "यातलं काही सध्या झाकलेलं किंवा बिनदिव्याचं आहे का?"

भेटीची जागा

"स्टेशनवर भेटू" हा सर्वात महागात पडणारा निरोप. तोक्योच्या शिंजुकू स्टेशनला दोनशेहून अधिक दारं आहेत; इतरत्रही मोठ्या स्टेशनांची आठ-दहा दारं वेगवेगळ्या रस्त्यांवर उघडतात. दाराचा क्रमांक, समोरची खूण आणि त्या जागेचा फोटो मागून घ्या. सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे हॉटेलची लॉबी, पण एकाच नावाची दोन हॉटेलं त्या शहरात आहेत का हे तपासा आणि पूर्ण पत्ता पाठवा. वेळ २४ तासांच्या पद्धतीने लिहा: १६:४५ म्हटलं की सकाळ-संध्याकाळचा घोळ होत नाही. गाडीचा क्रमांक आणि गाइडचा चालू फोन आदल्या रात्री मागवा. तुमच्या फोनला परदेशी नेटवर्क नसेल तर हॉटेलच्या वायफायवरच लाइव्ह लोकेशन सुरू करू नका, दाराबाहेर पाऊल टाकताच ते थांबेल.

विमानातून उतरलेल्या पहिल्याच संध्याकाळी टूर ठेवू नये. पश्चिमेकडे जाऊन चार-पाच तास मागच्या वेळेत पोचलात, तर तिथले रात्रीचे नऊ तुमच्या शरीरासाठी मध्यरात्रीनंतरचे एक-दोन असतात. मुख्य रोषणाई समोर असते आणि मूल खांद्यावर झोपलेलं. पूर्वेकडे गेलात तर रात्री जाग टिकते, पण विमानाला उशीर होण्याचा धोका उरतोच.

गाडीत आणि रस्त्यावर

रात्री गाडीतून पाहताना आतला दिवा, चालकासमोरचा मोठा पडदा आणि सगळ्यांचे फोन काचेत उमटतात. आतला दिवा बंद, पडद्याचा उजेड कमी, फोन खाली, एवढं केलं तरी बाहेरचं दुप्पट स्पष्ट दिसतं. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि फोनच्या एका प्रखर नजरेत ती कमाई जाते. गडद काचेची गाडी येऊ नये असं बुकिंगच्या वेळीच सांगा. नदीकाठचा रस्ता असेल तर पाणी कुठल्या बाजूला येणार हे विचारून बसण्याच्या जागा ठरवा, आणि परतीला बाजू बदला.

दमट हवेच्या शहरात थंड गाडीतून उतरलं की चष्मा आणि कॅमेऱ्याची काच धुरकटते. पुसून उपयोग नाही, ती लगेच पुन्हा धुरकटते. उतरण्याच्या दहा मिनिटं आधी एसी कमी करायला सांगा किंवा कॅमेरा बंद पिशवीत ठेवून बाहेरच्या हवेत हळूहळू तापू द्या.

गाइड बोलत असताना तुमचं तोंड दृश्याकडे आणि पाठ रस्त्याकडे हवी, नाहीतर रहदारीच्या आवाजात अर्धं ऐकू येत नाही. एका जागी पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त बोलणं डोक्यात राहत नाही. मोठा इतिहास गाडीत किंवा जेवताना सांगायला सांगा. समोर वास्तू असताना फक्त ती कुठे पाहायची एवढंच पुरतं. अंधारात बारकावे दिसत नाहीत, म्हणून चांगला गाइड तपशिलांचे दिवसाचे फोटो टॅबवर बरोबर ठेवतो.

फोटोसाठी थोडंसंच. फोनचा नाइट मोड दोन-तीन सेकंद उजेड गोळा करतो, तेवढा वेळ फोन कठड्यावर टेकवा. उजळलेली इमारत पांढरी फटक येत असेल तर पडद्यावर तिच्यावर बोट ठेवून उजेड कमी करा. फ्लॅश तीन-चार मीटरपलीकडे पोचत नाही. माणसाला दुकानाच्या किंवा रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड चेहऱ्यावर पडेल असं उभं करा. काचेच्या गॅलरीत लेन्स काचेला चिकटवा आणि गडद कपडे घाला, पांढरा शर्ट काचेत उमटतो. ट्रायपॉडला गॅलऱ्यांत आणि अनेक चौकांत मनाई असते.

सूर्य गेला की हवा झपाट्याने गार होते, आणि पुलावर, बोटीवर, गच्चीवर वारा असतो तो वेगळाच. दुपारच्या उन्हात नको वाटणारं जाकीट गाडीत असू द्या. सपाट, मुरलेले बूट घाला, कारण जुन्या भागातले दगडी रस्ते रात्री ओलसर आणि निसरडे असतात. सार्वजनिक स्वच्छतागृहं अनेक ठिकाणी संध्याकाळी बंद होतात, याचा विचार आखणीत कोणी करत नाही. दर दोन तासांनी एक खात्रीचा थांबा मार्गात लिहून घ्या.

बिघडलं तर

उशीर होणारच, असं धरून चाला. सुरुवातीलाच गाइडबरोबर "आधी काय सोडायचं" याचा क्रम ठरवा: पहिलं वगळायचं ठिकाण, दुसरं वगळायचं ठिकाण. दिवेलागणीची जागा या यादीत कधीच नसावी. हा क्रम ठरलेला नसला की गाइड सगळंच थोडं थोडं कापतो आणि प्रत्येक ठिकाणी घाई होते. निघायलाच अर्धा तास उशीर झाला असेल तर जुन्या वस्तीतलं चालणं अर्ध्यावर आणा.

आकाश पूर्ण ढगाळ असेल तर उंच जागेवरचा सूर्यास्त सोडा आणि तो वेळ आतल्या ठिकाणाला द्या. निळा उजेड ढगांतूनही येतो, थोडा लवकर आणि थोडा फिका, तेव्हा सूर्यास्तानंतर दहाव्या मिनिटालाच मुख्य जागी उभे राहा. हलका पाऊस थांबल्यावरचा अर्धा तास तर मुद्दाम मागून घ्यावा असा असतो, कारण ओल्या फरशीत सगळे दिवे उलटे दिसतात.

सामना, मिरवणूक किंवा मोर्चा असेल तर गाडीचे रस्ते बंद होतात. सकाळी गाइडला मार्ग पुन्हा तपासायला सांगा. नदी मधून वाहणाऱ्या शहरात परतीचा पूल कोणता हेही पाहा: सेंट पीटर्सबर्गमध्ये नौकानयनाच्या हंगामात नेवा नदीवरचे पूल मध्यरात्रीनंतर जहाजांसाठी उचलले जातात, आणि चुकीच्या काठावर राहिलेल्याला बराच वेळ अडकून पडावं लागतं.

टूर पायी किंवा मेट्रोने असेल तर शेवटच्या गाडीची वेळ सुरुवातीलाच कळली पाहिजे आणि शेवटचा थांबा तुमच्या हॉटेलकडच्या बाजूला असला पाहिजे. टूर "मुख्य चौकात संपेल" असं लिहिलं असेल तर तिथून परतायची सोय कोणाची, हे निघतानाच विचारा. गाडी असेल तर हॉटेलच्या दारापर्यंत सोडणं ठरवून घ्या. वळसा पडतो म्हणून चालक समोरच्या रस्त्यावर उतरवतात आणि रात्री तो रस्ता ओलांडावा लागतो.

उरलेले पैसे द्यायचे असतील तर ते गाडीतच, उजेडात, पावती घेऊन द्या. आणि उतरण्याआधी आतला दिवा लावायला सांगून सीटची फट आणि पायाखालची जागा एकदा फोनच्या टॉर्चने पाहून घ्या. काळ्या सीटवर काळा चष्मा, काळं पाकीट आणि काळा चार्जर रात्री दिसत नाहीत, आणि ती गाडी सकाळी दुसऱ्याच टूरवर निघालेली असते.